वेगळी चूल कशाला?

गेल्या महिन्यात मीटिंग संपल्यावर चहा घेताना काकांनी विचारलं, "तुम्ही ही वेगळी चूल कशाला मांडलीत रे? दारू ती दारू. ती काय माणूस बघून चढते?"

काका म्हणजे माझे स्पॉन्सर, नव्याला सांभाळून नेणारे जुने सदस्य. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना. तिच्या खोलीत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं त्या संध्याकाळपासून त्यांनी माझा हात धरलाय. आता शहात्तर वर्षांचे आहेत. वेगळी चूल म्हणजे आम्ही काही समलिंगी पुरुष आणि बायकांनी सुरू केलेली ए.ए.ची वेगळी मीटिंग. प्रश्न रागाने विचारला नव्हता. त्यांना आतून काहीतरी लागलं होतं, म्हणून विचारला. मी कपात बघत राहिलो आणि "सांगतो कधीतरी" म्हणून विषय टाळला. त्या रात्री झोप लागली नाही. काकांना टाळायची सवय मी अकरा वर्षांपूर्वीच सोडली होती. म्हणून आज लिहायला बसलोय.

आधी एक सांगतो. मी ए.ए.च्या वतीने बोलत नाही, तसं बोलायचा अधिकार आमच्यात कुणालाच नसतो. माझं नाव लिहीत नाही, कारण सार्वजनिक ठिकाणी नाव न लावणं ही आमची परंपरा आहे आणि मला ती मनापासून पटते. ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांना हे वाचून दाखवलंय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मी ऑफसेट मशीनवर काम करतो. शनिवार पेठेतल्या एका प्रेसमध्ये १९९८ मध्ये हेल्पर म्हणून लागलो, आता दोन मशिनं माझ्याकडे आहेत. २००१ पासून माझ्यासोबत एक माणूस होता. सात वर्षं होता. आम्ही दोघं प्यायचो, पण वेगवेगळ्या कारणांनी. तो मजा म्हणून प्यायचा. मला एक क्वार्टर पोटात गेल्याशिवाय त्याचा हात हातात घेता यायचा नाही. आपल्या खोलीत, दाराला आतून कडी असतानाही नाही. २००८ मध्ये त्याचं लग्न ठरलं. पत्रिका आमच्याच प्रेसमध्ये आली, चारशे प्रती, लाल आणि सोनेरी. मशीनवर मीच होतो. त्या रात्रीपासून सकाळचीही सुरू झाली.

२००९ मध्ये घरच्यांनी मला एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. पुण्यात राहण्याचं एक नशीब असं, की दारू हा आजार आहे, पाप नाही, हे इथे निदान कानावर तरी पडलेलं असतं. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, पुलं आणि सुनीताबाईंची देणगी त्यामागे उभी राहिली, आणि हळूहळू या शहराची भाषा बदलली. माझी आईसुद्धा "याला बरं करा" म्हणाली, "याला सुधारा" म्हणाली नाही. मी होतो ते केंद्र दुसरं होतं. तिथल्या समुपदेशकाला मी तिसऱ्या आठवड्यात धीर करून खरं सांगितलं. त्याने वही मिटली आणि म्हणाला, "दारू सुटली की हेही सुटेल. घरच्यांना मुलगी बघायला सांगू." पुढच्या कौटुंबिक सत्रात त्याने आईसमोर लग्नाचा विषय काढला. आई खुश झाली. मी त्या दिवशी ठरवलं की दारूबद्दल सगळं खरं बोलायचं आणि बाकीचं कुठेही बोलायचं नाही.

असा अर्धा मी २०१० च्या ऑगस्टमध्ये ए.ए.मध्ये आलो.

मराठीत खोटं बोलायला फार कष्ट पडतात. "तो" काढून "ती" घातलं की भागत नाही. पाठोपाठ "आला"ची "आली" करावी लागते, "म्हणाला"ची "म्हणाली", "रुसला"ची "रुसली". त्याचा शर्ट तिचा ड्रेस होतो, त्याची मोटरसायकल तिची स्कूटी होते. प्रत्येक क्रियापदाला पहारा द्यावा लागतो. शेअरिंग करताना माझं वाक्य आधी मनात उलटं व्हायचं आणि मग तोंडातून बाहेर पडायचं. चार रंगांच्या छपाईत एखादी प्लेट केसभर जरी हलली तरी अक्षराला सावली येते, आम्ही त्याला रजिस्टर हललं म्हणतो. तीन वर्षं मी तसाच बोललो. लोक मान डोलवायचे, "ती गेली म्हणून प्यायलो" यावर कुणीतरी पाठीवर हात ठेवायचं, आणि तो हात माझ्या पाठीपर्यंत पोचायचाच नाही.

११ डिसेंबर २०१३. दिल्ली हायकोर्टाने २ जुलै २००९ ला दिलेला निकाल सुप्रीम कोर्टाने फिरवला आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ आमच्या डोक्यावर पुन्हा येऊन बसलं. प्रेसमधल्या रेडिओवर बातमी ऐकली. हाताला शाई होती, ती पुसत राहिलो, पुसत राहिलो. संध्याकाळी मीटिंगला गेलो, कारण शिकवलेलं तेच होतं, मन हललं की मीटिंग गाठायची. माझी पाळी आली. मी म्हणालो, "आज कामाचा फार ताण आहे." सगळ्यांनी समजून घेतलं. मीटिंग संपली, शांतीची प्रार्थना झाली आणि बाहेर पडून मी सरळ परमिट रूममध्ये गेलो. तीन वर्षं चार महिने तिथे टेबलावर संपले.

त्या खोलीने मला नाकारलं नव्हतं, हे मला ठामपणे सांगायचंय. त्या खोलीला मी दिसलोच नव्हतो.

१७ फेब्रुवारी २०१४ पासून मी प्यायलेलो नाही. त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ए.ए.च्या बारा पायऱ्यांपैकी पाचवी करायची होती. आपल्या चुका, आपलं खरं स्वरूप देवापाशी, स्वतःपाशी आणि दुसऱ्या एका माणसापाशी मान्य करायचं ही ती पायरी. काका म्हणाले, पर्वती चढू या. निम्म्या पायऱ्या चढल्यावर मी बोललो. पहिल्यांदा कुठलंही क्रियापद न बदलता. काका काही पायऱ्या गप्प चढले, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग थांबले, कठड्याला टेकले आणि म्हणाले, "आज प्यायलास का?"

"नाही."

"मग चल. वर वारा असेल."

बस, एवढंच. वर गेल्यावर त्यांनी भेळ घेऊन दिली.

पुढे काही वर्षांनी मी ए.ए.चा इतिहास वाचायला घेतला तेव्हा मला काकांचे ते शब्द दुसऱ्या एका माणसाच्या तोंडी सापडले. १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या ए.ए. क्लबमध्ये एक काळा माणूस आला. तुरुंगातून सुटलेला, केस सोनेरी केलेले, तोंडाला रंगरंगोटी, आणि दारूखेरीज अमली पदार्थांच्याही आहारी गेलेला. मदत मागत होता. त्या काळात अमेरिकेत गोऱ्यांच्या खोलीत काळ्या माणसाला बसवावं की नाही इथपासून प्रश्न होता. येणाऱ्यांची चौकशी करायला टेबलाशी त्या दिवशी बॅरी एल. नावाचा सदस्य होता, स्वतः समलिंगी. काय करावं सुचेना म्हणून त्याने ए.ए.चे सहसंस्थापक बिल विल्सन यांना फोन लावला आणि त्या माणसाचं सगळं वर्णन सांगितलं. बिलनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की तो दारुडा आहे ना? आहे म्हटल्यावर, मग त्यापुढे आपण काही विचारू शकत नाही, असं त्यांचं उत्तर होतं. बॅरीने ही आठवण १९८५ मध्ये माँट्रियलच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनात सांगितली. सोबर राहण्याच्या रोजच्या युक्त्या सांगणारी ए.ए.ची एक साधी पुस्तिका १९७५ मध्ये निघाली, जगभर लाखो लोक ती उशाशी ठेवतात, ती लिहिणारा हाच बॅरी. सदस्य व्हायला दारू सोडायची इच्छा पुरे, बाकी कुठलीही अट नाही, ही आमची तिसरी परंपरा. काकांनी त्यातलं काही वाचलेलं नव्हतं. त्यांना ते पर्वतीच्या पायरीवर आपसूक सुचलं.

मग एवढे चांगले काका असताना वेगळी मीटिंग कशाला? खरा प्रश्न इथे आहे.

एक तर प्रत्येकाला काका मिळत नाहीत. मीटिंगबाहेरच्या चहाच्या घोळक्यात "बायल्या" शब्दावर हशा पिकतो तेव्हा कोपऱ्यातला नवा मुलगा काय समजायचं ते समजतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. दुसरं म्हणजे दारू सोडली की माणसाने जुन्या जागा, जुनी संगत सोडावी असं सांगतात. योग्यच आहे. पण आमच्या पिढीला आपली माणसं भेटायची तीच त्या जागांवर. बार, पार्टी, कुणाच्या तरी खोलीवरची बैठक. बाकीच्यांची दारू सुटते तेव्हा घर परत मिळतं. माझी सुटली तेव्हा माझ्यासारखा एकही माणूस माझ्या ओळखीत उरला नाही. २०११ च्या डिसेंबरात पुण्यात पहिली प्राइड यात्रा निघाली तेव्हा मी सोळा महिने सोबर होतो. रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून तिच्या बरोबरीने चालत गेलो. यात्रा संपल्यावर ओळखीचा एक जण म्हणाला, रात्री ये, सगळे जमणार आहेत. मला माहीत होतं तिथे काय असणार. घरी येऊन दिवा न लावता बसलो.

२०१७ मध्ये ताई आल्या. आमच्याच होम ग्रुपमध्ये, म्हणजे नेहमीच्या ए.ए. गटात, दाराजवळच्या खुर्चीवर. दोन मीटिंगा काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "माझी रूममेट गावाला परत गेली. तेव्हापासून माझं वाढलं." बाकीच्यांनी ते वाक्य ऐकून सोडून दिलं. मीटिंगनंतर त्या कप विसळत होत्या, मी पुसायला उभा राहिलो.

"रूममेट किती वर्षं होत्या?"

"तेरा."

"माझाही एक रूममेट होता. सात वर्षं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हातातला कप धुऊन झालेला होता, तोच परत नळाखाली धरला. पाणी कपातून वाहत राहिलं, बोटांवरून, मनगटावरून, बाहीच्या टोकापर्यंत. मग नळ बंद करून म्हणाल्या, "तिला आमटीत गूळ लागायचा. मी अजून घालते."

आमची पहिली मीटिंग ती. दोन माणसं आणि एक नळ.

६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचे सहमतीचे संबंध वगळले गेले तेव्हा आम्ही पाच जण झालो होतो. दुपारी ताईंचा फोन आला, रडत होत्या. मीही रडलो. पण तासाभरात जे सुरू झालं त्याची कुणी कल्पना दिली नव्हती. २०१३ च्या दुःखात जेवढी प्यावीशी वाटली त्याहून जास्त त्या दिवशी आनंदात वाटली. फोनवर निरोपामागून निरोप, आज इथे जमतोय, आज तिथे. आम्ही पाच जण टिळक रस्त्याजवळच्या एका अमृततुल्यमध्ये जाऊन बसलो आणि मालक बाकडी उचलायला लागेपर्यंत उठलो नाही. कुणी पेढे आणले होते. ती रात्र पाचही जणांची कोरडी गेली. एकटा असतो तर माझी गेली नसती.

मग २०२० चं लॉकडाऊन आलं आणि सगळ्या मीटिंगा झूमवर गेल्या. मे महिन्यात वाईन शॉप उघडली, त्या रांगांचे फोटो आठवत असतील. आमच्यातल्या काहींनी ते फोटो बघू नयेत म्हणून फोन दुसऱ्याच्या हातात दिले होते. पण त्याच झूममुळे गाव ओलांडून माणसं भेटली. मुंबईचे तिघे आले, कोल्हापूरचा एक, लंडनहून एक जण त्याच्या दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत यायचा, मराठीत बोलायला मिळतं म्हणून. तिकडे त्याला हव्या तेवढ्या गे मीटिंगा होत्या. अमेरिकेत तर १९६० च्या दशकाच्या अखेरीसच सॅन फ्रान्सिस्कोत असे गट निघाले होते, आणि १९७४ मध्ये तिथल्या सर्वसाधारण सेवा परिषदेने बरीच चर्चा करून ते अधिकृत सूचीत घेतले. तेव्हाही हाच प्रश्न होता, वेगळं कशाला, फूट पडेल. फूट पडली नाही. लंडनचा मित्र म्हणायचा, "इंग्रजीत मी सोबर आहे. पण मी प्यायलो होतो मराठीत."

आणि नाशिकची एक बाई यायची. लग्न झालेली, घरात सासू, एक मूल. कॅमेरा बंद. ती बोलायची तेव्हा मागे पाण्याचा आवाज असायचा, कारण ती बाथरूममध्ये नळ सोडून बसलेली असायची. बादली भरेपर्यंत तिची वेळ. बादली भरत आली की आवाज बदलायचा, वरवर, बारीक होत जायचा, तसं तिचं बोलणंही घाईचं व्हायचं. एकदा वाक्याच्या मध्येच थांबली आणि चॅटमध्ये लिहिलं, "हाक आली." आम्ही चौदा जण त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसलो होतो. बाईची दारू घरातल्या घरात असते, कपाटात, तांदळाच्या डब्यात. बायकांना ठेवून घेणारी केंद्रंही पुरुषांच्या मानाने कमी. आणि तिला भीती दुहेरी: दारू उघडी पडली तर चौकशी होणार, आणि चौकशीत फोनमधलं दुसरं नावही उघडं पडणार.

२०२२ मध्ये आम्ही प्रत्यक्ष भेटायला लागलो. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली मिळाली, भाडं आमचं आम्ही वर्गणीतून द्यायचो. बाहेरच्या कुणाचे पैसे घ्यायचे नाहीत हीही परंपरा. मंगळवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ. तीन महिन्यांत आम्ही अकरा पुरुष उरलो होतो आणि दोन बायका. मग ताई एकट्या. मग एका मंगळवारी ताईही आल्या नाहीत.

मला वाटलं बरं नसेल. फोन केला. त्या म्हणाल्या, "बरी आहे. पण मी येणार नाही." मी का विचारलं. त्या बोलत गेल्या आणि मी जिन्यावर बसून ऐकत गेलो. जिन्यात दिवा नाही, रात्री पावणेदहाला एकटीने उतरायचं. अर्धा वेळ डेटिंग ॲपवर कोण भेटलं, कोणाच्या खोलीवर काय झालं यात जातो. खरं आहे, दारूशी त्याचा संबंधही आहे, पण तिथे माझ्यासाठी जागा कुठे आहे? कप अजून मीच धुते. आणि शेवटी म्हणाल्या, "तुम्ही सगळे एकमेकांना 'काय गं', 'चल गं' म्हणता आणि हसता. मी जन्मभर हाच 'गं' ऐकत आले. ऊठ गं, वाढ गं, खाली बस गं. तुमचा खेळ असेल, माझ्या अंगावर ओझं येतं."

हे मला सुचलं नव्हतं. मुलांच्या त्या "गं"मध्ये केवढी माया असते हे मला माहीत आहे. बाहेर ज्याला मर्दासारखं चाल म्हणून ऐकवतात, त्याला त्या एका अक्षरात मोकळं होता येतं. तेच अक्षर दुसऱ्याला दाबतं. समलिंगी पुरुष आणि समलिंगी बाई यांना जग एका पिशवीत टाकतं, पण आमची आयुष्यं एक नाहीत. मी पुरुष म्हणून एकटा खोली घेऊन राहू शकलो, रात्री भटकू शकलो, माझी दारू रस्त्यावर पडली आणि लोकांना दिसली. ताईंची दिसली नाही म्हणून वर्षानुवर्षं कुणी थांबवलीही नाही. एकीचा अर्थ मी तोवर फार सोपा धरला होता. एका खोलीत बसलो की झाली एकी, असं मला वाटायचं.

तीन मंगळवार आम्ही यावर बोललो, ग्रुप कॉन्शन्स म्हणतात ते. सोपं नव्हतं. सगळ्यात धाकटा, तेव्हा बावीस वर्षांचा, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "माझ्या आयुष्यात 'गं' म्हणणारी जागा ही एकच आहे, तीही काढून घेणार का?" ताईंना बोलावलं होतं, त्या आल्या होत्या. त्यांनी त्याला सांगितलं, "काढून कोण घेतंय? चहाला म्हण. मीटिंग चालू असताना मला ऐकायचंय तू काय बोलतोस ते." तो "हो" म्हणाला. मीटिंग रविवारी सकाळी साडेदहाला हलवली, तळमजल्यावरच्या दुसऱ्या खोलीत. एक आड एक रविवारी बाई चेअर करणार. कप धुवायची पाळी भिंतीवर लावली, पहिले दोन महिने फक्त पुरुषांची नावं. आणि आणखी एक ठरलं, जे मला सगळ्यात मोलाचं वाटतं: इथे येणाऱ्या प्रत्येकाने आपला जुना होम ग्रुपही सोडायचा नाही. आज आम्ही सतरा-अठरा जण असतो, त्यात सहा बायका.

एवढं करून काय मिळालं हे मला गेल्या वर्षी एका रात्री कळलं. त्या धाकट्याची स्लिप झाली होती, दोन महिने रोज पीत होता. मग लाज वाटून एक दिवस एकदम बंद केली, कुणाला न सांगता, खोलीत एकटा. दुसऱ्या रात्री त्याला फीट आली. हे इथे थांबून सांगतो, कारण वाचणाऱ्यात कुणी असेल: रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात, एकट्याने, घरात दारू बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते, त्यानंतर भ्रम, थरथर, ताप, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांकडे जा, ते औषधं देऊन आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन सांभाळून उतरवतात. मीटिंग त्यानंतर. ए.ए. म्हणजे दवाखाना नाही.

त्याच्या खोलीवरच्या मुलाने मला फोन केला, १०८ ची गाडी बोलावली. हॉस्पिटलच्या खिडकीवर विचारलं, "नातेवाईक कोण?" त्याच्या घरच्यांनी त्याला दोन वर्षांपूर्वी घराबाहेर काढलं होतं. मी काय बोलावं याचा विचार करत होतो तोवर मागून रिक्षाचे पैसे देऊन ताई आल्या. रात्रीचा एक वाजला होता, पायात दोन वेगळ्या चपला. म्हणाल्या, "मी आत्या. फॉर्म इकडे द्या." सही केली, अनामत भरली आणि बाकड्यावर बसून सकाळपर्यंत जप करावा तसा त्याच्या कपड्यांच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. पुढचे पाच दिवस पाळ्या लागल्या. कोल्हापूरचा रात्रीच्या गाडीने आला. नाशिकच्या बाईला येणं शक्य नव्हतं. ती रोज सकाळी सहाला, पाणी भरायच्या वेळी, त्याला फोन करायची. नळाचा आवाज ऐकला की तो उठून बसायचा.

आत्याबाई म्हणतो तो आता त्यांना. एकवचनात नाही, अहोजाहो करून.

तर काका, वेगळी चूल. ताईंना तुमचा प्रश्न सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "घरात बाळंतीण असली की तिचं वेगळं शिजवतातच की. मऊ भात, मेथी, अळिवाची खीर. तेवढ्यासाठी ओसरीवर निराळी शेगडी पेटते. घर वेगळं झालं असं कुणी म्हणतं का?" मला याहून चांगलं उत्तर सुचत नाही. मी दर गुरुवारी तुमच्या शेजारी बसतो ना काका, आणि आता पूर्ण बसतो. रविवारी मी जे बोलायला शिकलो त्यामुळेच गुरुवारी बोलता आलं. दोन वर्षांपूर्वी आपल्या होम ग्रुपमध्ये मी पहिल्यांदा "तो गेला" म्हणालो तेव्हा खोलीत क्षणभर शांतता झाली, आणि मागून कुणीतरी, तुम्हाला माहीत आहे कोण, म्हणालं, "बोल पुढे."

हे सगळं मी काकांना गेल्या रविवारी वाचून दाखवलं. आमची ओपन मीटिंग होती, म्हणजे बाहेरचे येऊ शकतात, आणि ते न सांगता आले. खुर्ची घेतली, तासभर ऐकलं. धाकट्याने साखर किती विचारली तर "तुझ्या हाताने घाल" म्हणाले. कप विसळायला ताईंशेजारी उभे राहिले, पाळीच्या कागदावर त्यांचं नाव नव्हतं तरी.

मंगळवारी रात्री त्यांचा फोन आला. म्हणाले, "तू लिहिलंयस ना ते क्रियापदांचं, त्यापासून मी कान देऊन ऐकायला लागलोय. एकाला तुझा नंबर दिलाय. कोण, कुठला, विचारू नकोस. फोन आला तर उचल."

अजून आलेला नाही. मशीन चालू असलं की रिंग ऐकू येत नाही, म्हणून फोन व्हायब्रेटवर टाकून शर्टाच्या खिशात ठेवलाय.